गाडी तापते कधी?

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत आहे. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हा पाठ किती वेळा शिकवला असेल, याची गणती नाही. पण घरची मोटारगाडी तापू लागली तेव्हा ही सारी विद्या घरी ठेवून मी गॅरेजात गेलो आणि त्याची शिक्षाही भोगली. ती हकीगत विद्यार्थी मित्रांना सांगावी, म्हणून हा लेख. शेवटी शिक्षक बंधुभगिनींपुढे एक सूचना मांडायची आहे. ती सर्वांनाच पटेल असे नाही.

आम्ही माझगावात राहतो. गाडी लहान, जुनी, पेट्रोलवर चालणारी. गेल्या उन्हाळ्यात डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळच्या वाहनांच्या कोंडीत तिच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. एके दिवशी तर बोनेटखालून वाफ आली. पहिल्या गॅरेजवाल्याने रेडिएटर धुऊन दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, "सर, थर्मोस्टॅट काढून टाकतो. आपल्या हवेत त्याची गरजच नाही." मी मान डोलावली आणि त्याने तो काढला. गाडी कोंडीत तापायची ती तापतच राहिली, शिवाय पेट्रोल जास्त जाऊ लागले. तिसऱ्याने पाण्याचा पंप बदलायला सांगितले. तोवर काही हजार रुपये गेले होते, आणि बिघाड कोठे आहे हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

मग एका शेजाऱ्याने मला जवळच्याच गल्लीतील एका वृद्ध मिस्त्रीकडे नेले. त्यांना सारे चाचा म्हणतात. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी बोनेट उघडलेही नाही. एवढेच विचारले, "सर, गाडी तापते कधी? उभी असली की, का पळताना?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी थोडा हिशेब करू.

सहा गीझर आणि एक गीझर

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी ४० लाख जूल उष्णता निघते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी लहान गाडी तासाला चार लिटर पेट्रोल जाळते असे धरू. म्हणजे तासाला १३ कोटी ६० लाख जूल. यांतील पाव हिस्सा, फार तर तीस टक्के, चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो. आणि ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या भिंतींतून भोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. भागाकार करून पाहा. सेकंदाला सुमारे १२,६०० जूल, म्हणजे साडेबारा किलोवॅट. न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे सहा गीझर एकदम चालू करावेत, एवढी उष्णता बोनेटखाली पाण्यात ओतली जात असते.

ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंप ते पाणी इंजिनातून वरच्या होजपाइपने रेडिएटरमध्ये ढकलतो. तेथे ते बारीक नळ्यांतून उतरते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा वाहतो, आणि थंड झालेले पाणी खालच्या होजपाइपने इंजिनात परत येते. ही युक्ती सुचण्याआधी गाड्यांना पाणी अक्षरशः पाजावे लागे. १८८८ साली बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमपर्यंत मोटारीने प्रवास केला. तो इतिहासातला पहिला लांबचा मोटारप्रवास मानला जातो. इंजिनाचे पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी हजारो बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. १९०१ च्या मर्सिडीझ गाडीला तो बसवला होता. आपल्याकडेही बोर घाटाच्या जुन्या रस्त्यावर बोनेट उघडून निवत उभ्या राहिलेल्या गाड्या आणि पाण्याचे डबे घेऊन धावणारे क्लीनर, हे दृश्य तुमच्या आजोबांनी नक्की पाहिले असेल.

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळू. सिग्नलला उभी असलेली गाडी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते. वरच्याच रीतीने हिशेब केला, तर पाण्यात उतरणारी उष्णता सव्वादोन ते अडीच किलोवॅट येते, म्हणजे जेमतेम एका गीझरएवढी. धावताना सहा गीझर आणि उभी असताना एक! मग उभी असतानाच गाडी का तापावी?

याचे उत्तर आमच्या माझगावच्या टेकडीवर आहे. जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात तुम्ही फिरायला गेलात, तर पायाखाली भंडारवाडा जलाशय असतो. त्यातील पाण्याची पातळी किती पाणी आत येते एवढ्यावरच ठरत नाही. किती येते आणि किती जाते, या दोहोंच्या फरकावर ती चढते किंवा उतरते. येणारे पाणी कमी असले, तरी जाणारे पुरते बंद पडले की पातळी चढणारच. तापमानाच्या काट्याचेही तसेच आहे. गाडी धावत असताना समोरचा वारा फुकट मिळतो. ती थांबली की वारा थांबतो, आणि रेडिएटरमागच्या पंख्यावर सारा भार येतो. पंखा फिरला नाही, तर एका गीझरची उष्णताही जाणार कोठे?

मला आठवले. ऑरेंज गेटपाशी २०१३ साली सुरू झालेल्या ईस्टर्न फ्रीवेवर चढलो, की काटा आपोआप खाली येई. चेंबूरपर्यंत गाडी सुरेख जाई. परत माझगावच्या गल्ल्यांत शिरलो, की दहा मिनिटांत काटा वर. म्हणजे एक सुंदर प्रयोग रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होता. धावताना पाचपटीहून जास्त उष्णता ज्या रेडिएटरने आणि ज्या पंपाने सुखरूप बाहेर टाकली, ते दोघे निर्दोष होते. संशय घ्यायचा तो पंख्यावर आणि त्याच्या विजेवर. पंप बदलण्याचा खर्च एका प्रश्नाने वाचला.

काटा काय सांगतो?

चाचांशी बोलून मी एक टिपण तयार केले. ते येथे देतो, कारण घरोघरी उपयोगी पडेल.

गाडी उभी असताना तापते आणि धावताना निवते: पंखा, त्याचा फ्यूज, रिले, उष्णतेवर चालणारा स्विच, मोटार आणि तारा तपासा.

उभी असताना ठीक, पण वेगात किंवा घाटात तापते: रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून धूळकचऱ्याने चोंदला असेल, पंप दुबळा झाला असेल, पट्टा घसरत असेल किंवा खालचा होजपाइप आत चेपला जात असेल. टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले, तर नळ्यांत पुटे धरतात. हा थर तांब्यापेक्षा शेकडो पटींनी मंद उष्णतावाहक असतो.

सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत तापते आणि वरचा होजपाइप मात्र गारच राहतो: थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल किंवा पाणीच फिरत नसेल.

पाणी वरचेवर कमी होते: गळती शोधा. गाडीखाली कोरडा पुठ्ठा रात्रभर ठेवला, तर थेंब कोठे पडतात ते सकाळी दिसते. बाहेर कोठेच गळत नसेल, इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल किंवा धूर सतत पांढरा येत असेल, तर पाणी आतल्या आत जाते आहे. हेड गॅस्केट फुटल्याची ही खूण. अशी गाडी चालवू नये.

आणि शेवटचे म्हणजे काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. मापक पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपले, तर तो कोरडा पडून कमी तापमान दाखवू शकतो, आणि इकडे इंजिन जळत असते. कोणतेही मापन कशाचे मापन आहे, हे आधी पाहावे.

मीटर खोटे बोलला का?

पुढे जे घडले त्यात पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची परीक्षा झाली. चाचांनी आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग उष्णतेच्या स्विचवरील दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या. स्विच बिघडला असता, तर आता पंखा फिरायला हवा होता. तो फिरला नाही. नंतर पंख्याच्या मोटारीला बॅटरीवरून दोन स्वतंत्र तारा लावल्या. पंखा भरभर फिरला. म्हणजे मोटारही चांगली होती.

मी घरून डिजिटल मल्टिमीटर नेला होता. मोटारीकडे येणाऱ्या प्लगवर त्याची टोके लावली. १२ व्होल्ट! मी म्हणालो, "चाचा, वीज तर पूर्ण येते आहे." वीज येते, मोटार चांगली आहे आणि तरीही पंखा फिरत नाही. विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. तुम्ही काय म्हटले असते?

चाचांनी आपला 'मीटर' काढला. गाडीच्या मागच्या दिव्यातला २१ वॅटचा बल्ब आणि त्याला दोन तारा. तो त्याच प्लगवर लावला. बल्ब निखाऱ्यासारखा मंद लाल झाला. मग एक तार तशीच ठेवून त्यांनी दुसरी प्लगवरून काढली आणि थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. बल्ब लख्ख पेटला! "अर्थ गेली आहे," चाचा म्हणाले.

गाडीत परतीची वीज लोखंडी सांगाड्यातून येते. पंख्याची काळी तार पुढच्या दिव्याखाली सांगाड्याला स्क्रूने जोडलेली होती. बंदराच्या खाऱ्या हवेने तो सांधा गंजून तारेवर हिरवी बुरशी चढली होती. अशा सांध्याचा रोध ७ ओहम झाला असे समजू. माझ्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. त्याच्यातून जाणारा प्रवाह जवळजवळ शून्य, एका अँपिअरचा दहा लाखावा भाग. ओहमच्या नियमाने त्या गंजक्या सांध्यावर खर्च होणारे विभवांतर व्होल्टचे एक लक्षांशही नव्हते. म्हणून मीटरला १२ व्होल्ट दिसले. बल्बला पूर्ण तेजासाठी पावणेदोन अँपिअर लागतात. तेवढी वीज सांध्यातून येईना, आणि निम्म्याहून अधिक विभवांतर सांध्यानेच खाल्ले. पंख्याला तर याहून कितीतरी जास्त प्रवाह लागतो.

मीटर खोटे बोलला नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. प्रवाह वाहत असताना विभवांतर किती उरते, हा प्रश्न हवा होता. ही गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. चाचांना समजावून सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, "तुमचा मीटर काही मागतच नाही, सर. बल्ब मागतो. मागितल्यावरच कळतं, घरात आहे की नाही."

सांधा पॉलिश कागदाने घासला, स्क्रू आवळला, वर थोडे व्हॅसलीन लावले. पंखा सुरू झाला. खर्च चहाच्या दोन कपांइतका.

काढून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

चाचांनी दुसऱ्या दिवशी नवा थर्मोस्टॅटही बसवायला लावला. हा भाग म्हणजे मेणाची एक डबी. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोहोचले की मेण वितळते, प्रसरण पावते आणि झडप ढकलून उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, त्यामुळे इंजिन लवकर ऊबदार होते. मुंबईत थंडी नाही हे खरे. पण मुंबईचे तीस अंश आणि इंजिनाला हवे असलेले पंचाऐंशी अंश यांत पंचावन्न अंशांचे अंतर आहे! इंजिन गारठलेले राहिले, तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते तेलात मिसळते, झीज वाढते आणि पेट्रोल जास्त जळते. काही इंजिनांत हीच झडप उघडताना आडवाट बंद करते. तेथे थर्मोस्टॅट काढला, तर थोडे तापलेले पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरते, आणि भाराखाली गाडी उलट जास्त तापू शकते.

थर्मोस्टॅट बिघडला आहे की नाही, हे पातेल्यातील पाण्यात कळते. तो दोऱ्याने टांगून पाणी तापवावे, शेजारी तापमापक धरावा. त्यावर कोरलेल्या अंकाच्या जवळपास झडप उघडू लागली, तर तो निर्दोष. दहा मिनिटांची ही कसोटी न घेता तो काढून फेकणे म्हणजे खटल्यातला साक्षीदारच गावाबाहेर घालवणे. त्यानंतर काटा बदलला, तरी कशामुळे बदलला ते सांगता येत नाही.

झाकणाला हात लावू नका

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. गाडी तापली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नका. हे झाकण आतला दाब हवेच्या दाबाहून सुमारे ०.९ बार जास्त ठेवते. त्यामुळे, आईच्या प्रेशर कुकरप्रमाणे, आतले पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण उघडताच दाब उतरतो आणि पाण्याला तत्काळ १०० अंशांवर यावे लागते. चार लिटर पाणी धरा. वरचे १८ अंश म्हणजे ४००० × १८ × ४.२, सुमारे ३ लाख जूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६० जूल लागतात. म्हणजे सुमारे १३४ ग्रॅम पाण्याची क्षणार्धात वाफ होणार. एक ग्रॅम वाफेला १०० अंशांवर १.६७ लिटर जागा लागते. गुणाकार करा: सव्वादोनशे लिटर वाफ, एका मोठ्या पिंपाहून अधिक, उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. घरातल्या मोठ्या माणसांनाही हा हिशेब करून दाखवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो. आणि हिरवे किंवा लाल कूलंट विषारी असते. त्यातील ग्लायकॉल चवीला गोडसर असल्याने गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेले लगेच पुसावे.

शिक्षकांपुढे एक सूचना

आता माझे म्हणणे. आपल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला चालू स्थितीतले उपकरण मिळते. कृती छापलेली असते आणि उत्तरही ठाऊक असते. उत्तर थोडे चुकले, तर आकडे 'जमवले' जातात. असे प्रयोग करून मी एम.एस्सी. झालो आणि गाडी तापल्यावर तीन गॅरेजे हिंडलो. वाचन घेण्याची सवय मला होती, पण पद्धतशीर संशय घेण्याची नव्हती. म्हणून माझी सूचना अशी, की शाळेच्या प्रात्यक्षिकांत एक तरी प्रयोग 'बिघाड शोधा' असा असावा.

यासाठी मोटार नको. साधी विजेरी पुरे. शिक्षकाने तीत गुपचूप एक दोष करून ठेवावा: सेलच्या टोकावर पारदर्शक चिकटपट्टी, सैल बल्ब किंवा स्विचची गंजलेली पट्टी. विद्यार्थ्याने विजेरी उघडण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: संशय कोणावर, कसोटी कोणती, आणि त्या कसोटीने कोण सुटेल व कोण अडकेल. एका वेळी एकच बदल करावा. गुण विजेरी पेटण्याला देऊ नयेत, कसोट्यांच्या क्रमाला द्यावेत.

साठ मुलांच्या वर्गात हे जमायचे कसे, असे शिक्षक विचारतील. हा प्रश्न खराच आहे, आणि माझ्या वर्गातही मी तो अनुभवतो. पण सहा मुलांत एक विजेरी दिली तर दहा विजेऱ्या लागतील, आणि त्या मुलेच घरून आणतील. प्रत्येकाचे उत्तर वेगळे, मग तपासायचे कसे, असेही म्हटले जाईल. मला वाटते हाच या प्रयोगाचा गुण आहे, कारण शेजाऱ्याची वही पाहून येथे काही मिळणार नाही.

चाचांचा गौरव करताना भाबडेपणाही नको. गॅरेजातली सारीच माणसे अशी नसतात. अंदाजाने भाग बदलणाऱ्या तिघांना मी भेटलोच होतो. हाताने काम करणारा प्रत्येक जण शास्त्रज्ञ असतो असे नाही, आणि पुस्तके वाचलेला प्रत्येक जणही नसतो. क्रमाने प्रश्न विचारणारा मात्र दोन्हीकडे सापडतो. आमच्या माझगावच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जातात. १९७२ साली नौदलात दाखल झालेली 'निलगिरी' येथेच बांधली. मोटार आपली उष्णता वाऱ्याला देते, तर जहाज समुद्राला. पण तेथेही बिघाड शोधताना कोणीतरी पहिला प्रश्न हाच विचारत असणार: तापते कधी?

या महिन्यात घरातली एखादी बंद पडलेली वस्तू घ्या. सेलवर चालणारीच घ्या, घरच्या विजेच्या वाटेला जाऊ नका. उघडण्यापूर्वी वहीत आपले प्रश्न लिहा आणि मग एकेक कसोटी घ्या. वस्तू दुरुस्त झाली नाही तरी वही जपून ठेवा, आणि शाळा सुरू झाली की तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.